कासवाची पेटी निवडताना आधी जमिनीवर बसा

आमच्या गोटूने, म्हणजे माझ्या रशियन कासवाने, पहिले चार महिने काचेच्या टाकीत काढले. मासे ठेवतात तसली टाकी, अडीच फूट लांब. दिवसभर तो एकाच कोपऱ्यात पुढचे पाय उचलून काच खरवडत राहायचा. मला वाटायचं, खेळतोय. एका दुपारी मी त्याच्यासमोर फरशीवर पालथी पडून त्याच्या उंचीवरून बघितलं, तेव्हा लक्षात आलं की काच ही भिंत आहे हे त्याला समजतच नाहीये. समोर अख्खी खोली दिसते आणि पाऊल काही पुढे पडत नाही. त्याच संध्याकाळी टाकीला चारही बाजूंनी बाहेरून जाड तपकिरी कागद चिकटवला. दोन दिवसांत खरवडणं जवळजवळ थांबलं.

टाकी तरीही बदलावी लागली, कारण दुसरी अडचण कागदाने सुटणारी नव्हती. कासव आपल्यासारखं स्वतःचं अंग आतून तापवत नाही. तापायचं असलं की उन्हात जातं, पुरे झालं की सावलीत सरकतं. म्हणून पेटीत एकाच वेळी दोन हवामानं लागतात: दिव्याखाली साधारण 32 ते 35 अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला 20 ते 24. मी टाकीच्या दोन्ही टोकांना, कासवाच्या पाठीच्या उंचीवर, थर्मामीटर ठेवले. एकीकडे 34, दुसरीकडे 30. बिचाऱ्याला गार व्हायला जागाच नव्हती. काचेच्या भिंतींमुळे हवा खेळत नाही आणि लांबी कमी, त्यामुळे ऊब सगळीकडे सारखीच पसरते.

म्हणून पेटी बघायला जाल तेव्हा पहिली नजर लांबीवर असू द्या. रशियन, हर्मन किंवा ग्रीक अशा लहान जातींच्या एका पूर्ण वाढलेल्या कासवाला 120 बाय 60 सेंटीमीटर ही मी अगदी किमान जागा धरते. 180 बाय 90 मिळत असेल तर तीच घ्या. आकडा वाचून अंदाज येत नाही, म्हणून फरशीवर खडूने तेवढा चौकोन आखा. त्यात पाण्याची ताटली, लपायची जागा आणि दिव्याखालचा सपाट दगड यांच्या जागी घरातली भांडी ठेवून बघा. उरलेली जागा ती त्याची चालायची. चौकोन खोलीत मावत नसेल, तर कासव आणण्याचा विचारच पुढे ढकला. सल्काटा जातीचं पिल्लू तळहाताएवढं असतं, पण पूर्ण वाढलेलं सल्काटा चाळीस किलोच्या वर जाऊ शकतं. त्याला पुरेल अशी घरातली पेटी मी तरी सुचवू शकत नाही.

जातीवरूनच ठरतं की पेटी उघडी हवी की बंद. कोरड्या प्रदेशातल्या पूर्ण वाढलेल्या कासवांना वरून उघडी, लाकडी, टेबलासारखी पेटी मानवते: हवा खेळती राहते, दोन टोकांतला फरक टिकतो आणि साफसफाईला हात सहज पोहोचतो. रेड-फूटसारख्या दमट जंगलातल्या कासवांना मात्र वरून झाकलेली, पुढे सरकती दारं असलेली पेटी लागते, कारण उघड्या पेटीत दमटपणा टिकवता टिकवता माणूस थकतो. पिल्लं कुठल्याही जातीची असोत, त्यांनाही दमट हवा हवी. पाठीवरचे उंचवटे पिरॅमिडसारखे वर येतात, त्याचा दोष पूर्वी जास्त प्रथिनांच्या खाण्याला दिला जायचा. 2003 मध्ये सल्काटाच्या पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कोरड्या हवेचा परिणाम प्रथिनांपेक्षा कितीतरी मोठा दिसला. तेव्हा पिल्लासाठी घेत असाल तर बंद पेटीकडे झुका, पण हवेसाठी झरोके आहेत ना, हे बोट घालून तपासा.

भिंतींची उंची बघताना बहुतेकांचा हिशोब चुकतो, कारण मातीचा थर त्यात धरलेला नसतो. रशियन कासव मुळातलं बिळं करून राहणारं. त्याला निदान 20 सेंटीमीटर माती द्यायला हवी. भिंत 40 ची असली तर मातीच्या वर राहिली 20, आणि कासव असेल 18 चं. मागच्या पायांवर उभं राहिलं, कोपऱ्यात नख्या रोवल्या की ते काठावर पोहोचतं. मी मातीच्या वर 30 सेंटीमीटर मोकळी भिंत ठेवते आणि चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी फळी आडवी ठोकते. गोटू नव्या पेटीत एकदा कोपऱ्यात चढताना मागे उलटला, तोही दिव्याखालच्या बाजूला. मी घरात होते म्हणून दोनेक मिनिटांत सरळ केला. उलटं पडलेलं कासव दिव्याखालून सरकू शकत नाही, तापत राहतं आणि जीव जाऊ शकतो. फळ्या मी त्यानंतर ठोकल्या. तुम्ही आधीच ठोका, आणि चढायला मोह होईल असा दगड दिव्याच्या कोपऱ्यात ठेवू नका.

थर बागेच्या साध्या मातीचा द्या: खत-औषध न घातलेली माती, त्यात थोडी वाळू आणि नारळाचा भुसा. नुसती वाळू पोटात जाऊन आतडं अडवू शकते. देवदार किंवा पाइनच्या भुश्याचा उग्र वास कासवाच्या श्वासाला घातक आहे. ओलसर मातीने लाकूड फुगतं, म्हणून तळाला आणि भिंतींना मातीच्या उंचीपर्यंत तळ्याला घालतात तसलं जाड प्लास्टिक आतून बसवा. लाकडाला पॉलिश केलं असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत कासव आत नको.

पेटी घेतानाच दिवे कुठे टांगणार हे ठरवा. ऊब देणारा दिवा आणि यूव्हीबी, म्हणजे उन्हात असतात ते अतिनील किरण, देणारी नळी एकाच टोकाला हव्यात. यूव्हीबीशिवाय कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व नीट तयार होत नाही, कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. झाकणाची बारीक जाळीसुद्धा त्यातला बराच भाग खाते, म्हणून नळी जाळीच्या आत बसवता येईल अशी रचना बघा. टी5 नळी (बारीक व्यासाची ट्यूब) कासवाच्या पाठीपासून किती अंतरावर लावायची ते तिच्या वेष्टणावर असतं. तेवढी उंची पेटीत आहे का, मोजून घ्या. दिवा नुसत्या चिमट्यावर ठेवू नका, साखळीने बांधा. पेटीखाली तापणारी गादी नको, कारण कासवाला ऊब वरून ओळखता येते, पोटाखालची भाजणी त्याला वेळेत कळत नाही.

एका पेटीत एकच कासव. दोन नर तर अजिबात नकोत, एकमेकांना धडका देऊन चावतात, आणि शांत दिसणाऱ्या जोडीतही एक जण दुसऱ्याला उबेपासून हुसकावत असतो.

पेटी आली की लगेच कासव आत सोडू नका. माती, दिवे, पाणी सगळं लावून ती दोन दिवस रिकामीच चालवा. सकाळी, भर दुपारी आणि पहाटे दोन्ही टोकांचे आकडे वहीत लिहा. माझ्या नव्या पेटीत पहिल्या दिवशी दगडावर 41 आले. दिवा तळहाताएवढा वर घेतला, दुसऱ्या दिवशी 34 वर थांबलं, गार टोक 22. तिसऱ्या दिवशी सकाळी गोटूला आत ठेवला, आणि अर्ध्या तासात त्याने गार टोकाच्या मातीत स्वतःला डोक्यापर्यंत पुरून घेतलं.