कांद्याच्या मुळातली गुणसूत्रं खरोखर दिसतील अशी स्लाइड कशी करावी

पेशीविभाजन पाहायचं तर कांद्याच्या मुळाइतकं स्वस्त साधन नाही. तरी अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात बऱ्याच स्लाइडवर नुसता लाल चिखल दिसतो आणि शिव्या मायक्रोस्कोपला पडतात. मायक्रोस्कोप बिचारा ठीक असतो. चाळीसचं भिंग असलेला कॉलेजातला साधा मायक्रोस्कोप या कामाला पुरतो, कारण कांद्याची गुणसूत्रंच दांडगी. माणसाच्या एका संचात 23 गुणसूत्रं आणि त्यांत मिळून डीएनएच्या बेसच्या साधारण 3 अब्ज जोड्या. कांद्याच्या संचात गुणसूत्रं फक्त 8, पण जोड्या 16 अब्जांच्या आसपास. म्हणजे कांद्याचं एकेक गुणसूत्र आपल्या सरासरी गुणसूत्राच्या जवळजवळ पंधरापट ऐवज बाळगून असतं. मुळाच्या पेशीत असे दोन संच, म्हणून मोजायची ती 16.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत भाजी घेताना गिऱ्हाईक कोंब फुटू लागलेला कांदा बाजूला सारतं. तुम्ही नेमका तोच उचला. त्याची झोप संपलेली असते, मुळं लवकर धरतो. वाळकी जुनी मुळं ब्लेडने खरवडा, पण खालची चकती कापू नका. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरा आणि रोज बदला. कांद्याचा फक्त बूड पाण्याला टेकला पाहिजे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बुडवून ठेवलेला कांदा मुळं फुटायच्या आत सडतो आणि वास घरभर.

मुळं दोनेक सेंटीमीटरची झाली की सकाळी कापा. पुस्तकं सकाळची ठरावीक वेळ सांगतात. ती पाळा, पण मुहूर्तासारखी नको. मूळ वाढतं आहे का, हे जास्त महत्त्वाचं. टोक पांढरं, टवटवीत हवं. पिवळट पडलेलं फेकून द्या. कापल्या कापल्या एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि तीन भाग अल्कोहोल अशा ताज्या मिश्रणात टाका. चोवीस तास तिथेच राहू द्या. सॅनिटायझर चालतं असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आता खरी मेख. लोक दाबण्यावर जोर लावतात, पण आधी मूळ मऊ झालं पाहिजे. पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. ते सुटलं नाही तर अंगठा मोडला तरी पेशी सुट्या होत नाहीत, थरावर थर बसतात आणि तोच तो चिखल. मीही या टप्प्यावर बरेच दिवस अडलो होतो.

वॉच ग्लासमध्ये ॲसिटोकार्मिनचे (गुणसूत्रं रंगवणारा लाल रंग) नऊ थेंब आणि 1 नॉर्मल (1N) तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब घ्या, त्यात मुळं टाका. स्पिरिट लॅम्पवर धरा, वाफ दिसायला लागली की लगेच काढा. थोडं निवलं की पुन्हा. असं चार-पाचदा. उकळी फुटली तर मुळं टाकून द्या, त्यांचं काही होत नाही. मग झाकून पंधरा-वीस मिनिटं बाजूला ठेवा. हे खिडकीजवळ करा, वाफ नाकात घेऊ नका.

मूळ स्लाइडवर घेतलं की टोकाचा सगळ्यात गडद रंगलेला एक-दोन मिलिमीटरचा भाग ठेवा, बाकी सगळं काढून टाका. इथे हात आखडता घेतला की गेलं. त्या टोकामागे पेशींचं विभाजन थांबतं, त्या नुसत्या लांब होत जातात. जर्नलमध्ये ज्या लांबुळक्या पेशी काढून आणतात, त्या बहुतेक तिथल्याच. टोकावर ॲसिटोकार्मिनचा ताजा थेंब टाका आणि लोखंडी सुईने बारीक चेचा. स्टीलची नव्हे, लोखंडी. लोखंडाचा अंश उतरला की रंग जांभळट, गडद होतो.

कव्हरस्लिप तिरकी धरून हळू सोडा. पेन्सिलीच्या बोथट टोकाने वरून हलके ठोके द्या आणि दहाच्या भिंगाखाली बघा. पेशी सुट्या झालेल्या दिसल्या तरच पुढे जा, नाहीतर आणखी ठोके. मग टीपकागदाची दुहेरी घडी कव्हरस्लिपवर ठेवा, एक कड दुसऱ्या हाताच्या बोटाने धरा आणि कागदपत्रावर अंगठा उठवतात तसा सरळ दाबून सरळ उचला. कव्हरस्लिप केसभर जरी सरकली तरी पेशी वळून गुंडाळ्या होतात. ती स्लाइड वाचवत बसू नका, नवं मूळ घ्या. कव्हरस्लिप तडकत असेल तर खाली कचरा किंवा न चेचलेला गोळा आहे.

पसरण्यावर एवढा जोर का, तर एकमेकांवर चढलेली गुणसूत्रं मोजता येत नाहीत. माणसाची गुणसूत्रं 48 आहेत, असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. 1956 साली जो हिन जियो आणि आल्बर्ट लेव्हान या शास्त्रज्ञांनी पेशी नीट पसरवून पाहिल्या तेव्हा 46 निघाली. हेच लेव्हान 1938 मध्ये कांद्याच्या मुळांवर कोल्चिसीन या पेशीविभाजन अडवणाऱ्या रसायनाचा परिणाम तपासत होते. (कोल्चिसीन विष आहे, घरी आणू नका.)

बघणं सोपं. बहुतेक पेशी गोल केंद्रकाच्या, शांत दिसतील. विभाजनाआधी डीएनएची दुप्पट प्रत याच काळात तयार होते. धाग्यांचा गुंता दिसला की पूर्वावस्था, मधल्या रेषेवर रांग लागली की मध्यावस्था, दोन झुपके दूर जाताना दिसले की पश्चावस्था, दोन्ही टोकांना नवी केंद्रकं धरली की अंत्यावस्था. मोजायचं असेल तर मध्यावस्थेतली पसरलेली पेशी शोधा, आडवी रांग मोजायच्या भानगडीत पडू नका. तिथे प्रत्येक गुणसूत्र दोन जोडलेल्या अर्धकांचं (क्रोमॅटिडचं) असतं, म्हणजे 16 गुणसूत्रं, 32 अर्धकं. पश्चावस्थेत दोन्हीकडे 16-16.

स्लाइड आठवडाभर ठेवायची असेल तर कडा नेलपॉलिशने बंद करा. उरलेली मुळं 70 टक्के अल्कोहोलमध्ये घालून फ्रीजमध्ये ठेवा, आणि बाटलीवर चिठ्ठी लावा.