३० सप्टेंबरचा परिपाठ : शाळेत आपत्तीचा स्मृतिदिन कसा पाळावा

परिपाठात दिनविशेष वाचला जातो, ‘आज किल्लारी भूकंपाचा स्मृतिदिन’ एवढे एक वाक्य कानावर पडते, दोन मिनिटे शांतता पाळली जाते आणि मुले ओळीने वर्गात जातात. त्या दोन मिनिटांत मागच्या ओळीतला मुलगा पुढच्याच्या सदऱ्याला चिकटलेली कुसळे काढत असतो. त्यात त्याचा दोष नाही, कारण आपण त्याला गप्प उभे राहायला सांगितलेले असते, कशासाठी ते सांगितलेले नसते. म्हणून असा दिवस पाळावा की नाही, हे शाळेने आधी ठरवले पाहिजे. माझ्या मते ‘हे का घडले’ आणि ‘पुन्हा घडले तर आपण काय करायचे’ या दोन प्रश्नांची उत्तरे शाळा मुलांना देऊ शकत असेल, तरच त्या घटनेचा दिवस पाळावा. असा दिवस वर्षातून एक असावा, फार तर दोन. बाकीच्या घटना फलकावरच्या दिनविशेषात राहिल्या तरी चालते.

निवड करताना घटना जवळची असावी. पुण्यातल्या शाळेला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, आंबेगाव तालुक्यातल्या शाळेला ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेलेले माळीण, पाटण तालुक्यातल्या शाळेला ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. येथे मी किल्लारीचे, म्हणजे लातूर-धाराशिवच्या भूकंपाचे उदाहरण घेतो.

शिक्षकाने आधी स्वतः घटना नीट समजून घ्यावी. १९९३ साली अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून परतून लोक झोपले होते, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. सुमारे १० हजार माणसे गेली, ५२ गावे जमीनदोस्त झाली. भूकंपाची तीव्रता ६ च्या थोडी वर होती. जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात आणि त्यातल्या अनेकांत एवढी माणसे मरत नाहीत. मग येथेच का? वेळ झोपेची होती आणि भूकंपाचे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते, हे खरेच. पण मुलांना खोलात जाऊन सांगण्यासारखे कारण घरांचे आहे. दगड आणि चिखलाच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया आणि वर मातीचे माळवद. पाऊस गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा आणि छताचे ओझे वाढत जायचे. उन्हाळ्यात ही घरे गार राहत, म्हणून ती लोकांना प्रिय होती. मात्र बाहेरून एकसंध दिसणारी भिंत आतून दोन वेगळ्या भिंतींची असे, मधल्या पोकळीत बारीक दगड-माती भरलेली असे आणि दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे लांब दगड क्वचितच घातलेले असत. हादऱ्याने ही दोन अंगे सुटी झाली आणि माळवद खाली आले.

हे सातवीच्या वर्गाला तोंडी सांगण्यापेक्षा करून दाखवावे. पत्र्याच्या ताटात खडी आणि चिखलाची वीतभर उंचीची भिंत रचावी, वर पुठ्ठा ठेवून त्यावर ओल्या मातीचा गोळा थापावा आणि ताट दोन्ही हातांनी आडवे हलवावे. दुसऱ्या ताटात तशीच भिंत रचावी; तिच्यात मधूनमधून आरपार काड्या घालाव्यात आणि वरची माती हलकी ठेवावी. पहिली भिंत कुठून फुटते हे मुले नेमके बोट ठेवून सांगतात, आणि घरी जाऊन आजोबांना जुन्या घराच्या भिंतीबद्दल विचारतात.

आठवी ते दहावीच्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगता येईल. त्या काळच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता, आणि १९९२ साली किल्लारी परिसरात लहान धक्के बसूनही गेले होते. नकाशा पुढे बदलला. २००२ च्या नकाशात हा भाग मध्यम धोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात घातला गेला. तिसरीपर्यंतच्या मुलांना मृतांचे आकडे सांगू नयेत, त्यांना फक्त शेवटच्या तासाचा भूकंपाचा सराव पुरे.

वर्गात कोणाच्या घरातले माणूस गेले आहे, हे आठवडाभर आधी पालकांना भेटून विचारावे. आई-वडिलांपैकी कोणी त्या वेळी लहानपणीच पोरके झालेले असू शकते. त्यांच्या मुलाला त्या दिवशी भाषण करायला लावू नये, आणि गैरहजर राहायचे असल्यास कारणाची चिठ्ठी मागू नये.

गावातल्या जाणत्या माणसाला बोलवायचे असेल तर शाल-श्रीफळ आणि ध्वनिक्षेपक बाजूला ठेवून त्यांना वर्गातच खुर्चीवर बसवावे. मुलांचे प्रश्न आधी लिहून घ्यावेत आणि चाळावेत. ‘तुम्हाला कसे वाटले’ हा प्रश्न काढून टाकावा; ‘जुने गाव कसे होते, बाजार कुठे भरायचा, पत्र्याच्या शेडमध्ये किती दिवस काढले’ असे प्रश्न ठेवावेत. रात्रीबद्दल बोलायचे की नाही, ते त्यांनी ठरवावे.

एका शाळेत मी या दिवसाची नाटिका पाहिली आहे. पाचवीच्या मुली पांढऱ्या चादरीखाली मृतदेह होऊन पडल्या होत्या, त्यातली एक हसू आवरत होती, आणि पालकांत बसलेली एक बाई उठून बाहेर गेली. मरणाचा अभिनय मुलांकडून करून घेऊ नये, एवढा एक नियम तरी शाळेने पाळावा. फोटो काढून गटावर टाकण्याची घाईही नको.

माणसांनी घडवलेल्या घटनांत जास्त सावध राहावे लागते. २६ नोव्हेंबरला मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्याची आठवण आणि संविधान दिन एकत्र येतात. उद्देशिकेचे वाचन स्वतंत्र तासाला घ्यावे, आणि हल्ल्याबद्दल बोलताना वर्गातल्या कोणत्याही मुलाच्या धर्माकडे नजर वळेल असे वाक्य शिक्षकाच्या तोंडून जाऊ नये.

किल्लारीच्या दिवसाचा शेवटचा तास सरावाचा ठेवावा. घंटा होताच बाकाखाली जायचे, डोके झाकायचे, बाकाचा पाय धरून ठेवायचा. हादरे थांबल्याची खूण मिळाल्यावर न ढकलता मैदानात यायचे आणि हजेरी द्यायची. सराव झाल्यावर प्रत्येक वर्गाने आपल्या खोलीची पाहणी करून यादी करावी : भिंतीला न ठोकलेले कपाट, कपाटावरची ट्रॉफी, दाराआड ठेवलेली सायकल, आतल्या बाजूला उघडणारे दार. ही यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत वाचावी, कोणते काम कोण करणार ते इतिवृत्तात नोंदवावे, आणि पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरच्या परिपाठात भाषणाआधी तीच यादी काढून किती कपाटे ठोकली गेली ते मुलांसमोर मोजावे.