अपडेटनंतर व्हीपीएन एक्स्टेन्शन जोडलं जात नाही? या चुका टाळा

रात्री नीट चाललेलं व्हीपीएन एक्स्टेन्शन (तुमची इंटरनेट जोडणी दुसऱ्या सर्व्हरमधून नेणारा, ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) सकाळी ब्राउझर अपडेट झाला की 'कनेक्टिंग'वरच अडकतं. बहुतेकांचा हात लगेच 'रिमूव्ह'कडे जातो. कृपया ही घाई करू नका. एक्स्टेन्शन काढलं की त्याची सेटिंग्ज जातात, आणि ते स्टोअरमधूनच हटवलेलं असेल तर परत मिळत नाही. क्रोमने जुन्या मॅनिफेस्ट व्ही२ पद्धतीची (म्हणजे एक्स्टेन्शन बनवण्याच्या जुन्या नियमांवर बेतलेली) एक्स्टेन्शन्स २०२४-२५मध्ये टप्प्याटप्प्याने बंद केली. तुमचं त्यातलं असेल तर कितीही खटपट केली तरी ते चालणार नाही; त्याच कंपनीची नवी आवृत्ती शोधा.

आधी तीन ठिपक्यांच्या मेनूतून एक्स्टेन्शन्सचं पान उघडा. एक्स्टेन्शनच्या अपडेटमध्ये नवी परवानगी लागत असेल, तर तुम्ही होकार देईपर्यंत क्रोम ते एक्स्टेन्शन बंद ठेवतो. पण वाचल्याशिवाय होकार देऊ नका. इन्कॉग्निटोमध्ये (खासगी विंडोत) वापरायचं असेल तर तिथली परवानगी वेगळी द्यावी लागते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दुसरं व्हीपीएन टाकल्यामुळे. ब्राउझरमधलं व्हीपीएन बहुतेक वेळा प्रॉक्सीच, म्हणजे मधला सर्व्हर, असतं, आणि प्रॉक्सीचा ताबा एका वेळी एकाच एक्स्टेन्शनकडे राहतो. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवर हेच झालं होतं. पहिलं चालेना म्हणून तिने फुकटातलं दुसरं टाकलं आणि विसरून गेली. पहिल्यावर शंभरदा क्लिक केलं तरी 'प्रॉक्सी कनेक्शन फेल्ड' हीच पाटी. दुसऱ्याचं बटण बंद केलं, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडला, आणि पहिलं लगेच जोडलं गेलं. अशी अनोळखी फुकट एक्स्टेन्शन्स मुळात टाकूच नका; तुमची ब्राउझिंग त्यांच्या सर्व्हरमधून जाते.

संगणकाची तारीख-वेळही तपासा. घड्याळ चुकलं की सर्टिफिकेट (सर्व्हर खरा असल्याचं डिजिटल प्रमाणपत्र) अवैध ठरतं आणि जोडणी तुटते.

फायरफॉक्सवाल्यांची चूक उलटी असते: अपडेट टाळणं. मार्च २०२५मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या एका मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली. त्यामुळे फायरफॉक्स १२८च्या आधीच्या, आणि दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या ११५.१३च्या आधीच्या आवृत्त्यांत अॅड-ऑन (म्हणजे एक्स्टेन्शन्स) बंद पडू लागले. तिथे एक्स्टेन्शनशी झगडू नका, ब्राउझरच अपडेट करा.

एवढं करूनही जमलं नाही, तर ब्राउझरमध्ये नवं कोरं प्रोफाइल (वेगळ्या सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्सचा स्वतंत्र कप्पा) उघडून फक्त तेच एक्स्टेन्शन टाका. तिथे चाललं तर अडथळा जुन्या प्रोफाइलमध्ये आहे; मग तिथली बाकीची एक्स्टेन्शन्स एकेक बंद करत जा.