सांगलीहून एका दिवसात समुद्र: बस काढणारीसाठी

सहल ठरली की सगळ्या जणी निघायच्या वेळेवरून भांडायला लागतात. तुम्ही आधी परतीची वेळ ठरवा. आमच्या भिशीतल्या बायका रात्री दहापर्यंत आपापल्या दारात हव्यात, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे कुणाकडे डबा असतो, कुणाकडे सासऱ्यांच्या गोळ्या. दहाला सांगली म्हणजे आंबा घाट उजेड आहे तोवर चढून झालेला हवा, आणि त्यासाठी गणपतीपुळ्याहून चारला बस हललीच पाहिजे. असं उलटं मोजत आलं की समुद्राकाठी हातात किती तास उरतात ते कळतं. "जाता जाता मार्लेश्वर पण करू की" म्हणणारीला काय सांगायचं तेही कळतं.

माझा खणभागात घरगुती भडंगाचा धंदा आहे. गिऱ्हाइकांतूनच भिशी जमली आणि भिशीतून या सहली. त्यामुळे इथं लिहिते ते तीस-पस्तीस बायकांच्या, त्यातही निम्म्या साठीपुढच्या, अशा बसबद्दल. कॉलेजच्या पोरांना यातलं निम्मं लागू नाही.

सांगली ते कोल्हापूर ५० किलोमीटर, तिथून रत्नागिरी १३०. आकडा ऐकून चार तास वाटतात, पण बसला घाट आणि चहा धरून साडेपाच लागतात. म्हणून पहाटे साडेचारला निघायचं, दहाला रत्नागिरीत थिबा राजवाडा, सव्वाअकराला तिथून हलायचं, आरे-वारेच्या किनाऱ्यावरच्या रस्त्यानं पाऊणच्या सुमाराला गणपतीपुळे, आणि चारला निवळी फाट्यावरून परत. बस मोठी असेल तर आरे-वारेच्या वळणांवरून नेणार का, हे ड्रायव्हरला आदल्या दिवशी विचारा, ऐन वेळी नको. सूर्यास्त बघायचा हट्ट कुणीतरी करतेच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. तो बघून निघालात तर घरी पोचायला मध्यरात्र होते आणि घाट अंधारात. सूर्यास्त कोल्हापूरच्या सहलीत रंकाळ्यावर बघावा.

आता तारीख. कॅलेंडरात रविवार शोधायच्या आधी तिथी बघा. कोकणातल्या कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, आणि दुपारी बाराला ओहोटी. पंधरवडा शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण सहल ठरवायला एवढं पुरे.

यात आणखी एक गोष्ट आहे. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाणी खूप चढतं आणि तेवढंच जोरात ओढून नेतं. तेव्हा भरती अकरा-साडेअकराला होते, म्हणजे आपण जेवून किनाऱ्यावर उतरतो त्या वेळी पाणी मागं फिरलेलं असतं आणि पायाखालची वाळू ओढत असतं. अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाण्याची चढउतार कमी. दुपारी आपण पोचतो तेव्हा पुळण रुंद मोकळी मिळते आणि पाणी हळूहळू वर येतं. म्हाताऱ्या माणसांची सहल असेल तर मी सप्तमी ते नवमी एवढेच दिवस बघते, त्यात वार बसला तर ठीक, नाहीतर पुढचा पंधरवडा. संकष्टीला तर पुळ्याचं नावच काढू नये. गर्दी तिथंच, उपास तिथंच, आणि भरती नेमकी तीनला. अंगारकी असेल तर बस उभी करायला जागा मिळणार नाही.

तरी गुडघ्याच्या वर पाणी नको म्हणजे नको. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तसा नाही, तिथं खोली पटकन लागते आणि माणसं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. मी दोघी-दोघींच्या जोड्या लावते, आणि जोडीतली एक पाण्यात असेल तर दुसरी कोरडी राहते. पोहता येतं म्हणणारीला हा नियम दुप्पट लागू.

जुलै-ऑगस्टात कोकणात जाऊ नका. घाटात दरड आली की अडकलेल्या बसमध्ये तीस बायका आणि एकही बाथरूम नाही, एवढं डोळ्यांपुढं आणा.

गाडीचं बोलताना "दिवसाचे किती?" असं विचारू नका. किलोमीटरचा दर विचारा, दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार ते विचारा (३०० चा रिवाज आहे), आणि मोजायला सुरुवात गाडीवाल्याच्या गॅरेजपासून की आपल्या दारापासून, हेही विचारा. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता कुणाकडं, ते कागदावर किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. एसटीची गाडीही प्रासंगिक करारावर मिळते, डेपोत चौकशी करावी. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. भाड्यानं माणसं न्यायचा परवाना पिवळ्या पाटीला असतो, आणि काही झालंच तर विमा त्यावर अवलंबून.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र दराचा नाही. "ड्रायव्हर आदल्या रात्री कुठली गाडी मारून येणार?" हा आहे. साडेचार ते दहा म्हणजे साडेसतरा तास होतात. समुद्राच्या सहलीला मी दोन ड्रायव्हर मागते आणि त्याचे पैसे वर्गणीत आधीच धरते. माणशी फार येत नाहीत. एकच मिळाला तर पुळ्याला त्याला जेवायला घालून तीन तास झोपायला लावायचं, आणि त्या वेळात कुणी पर्स राहिली, चार्जर राहिला म्हणून बसचं दार वाजवायचं नाही.

बसची पहिली पायरी उंच असते. ती चढताना गुडघेदुखीवाल्या बाईचा सगळा भार दांड्याला लटकलेल्या एका हातावर येतो. त्यासाठी प्लॅस्टिकचं जाड, चौकोनी स्टूल न्यायचं, घरातलं आंघोळीचं चालतं, पण गुळगुळीत नको. त्याच्या पायाला दोन हात सुतळी बांधायची म्हणजे शेवटची बाई चढली की स्टूल वर ओढून घेता येतं, कुणाला उतरून वाकायला नको. हे काम क्लीनरला आधी सांगून ठेवावं. या स्टुलामुळं दर थांब्याला पाच-सात मिनिटं वाचतात.

थांब्यांचा हिशेब कुणीच करत नाही. तीस बायका, संडास दोन, प्रत्येकीला तीन मिनिटं, म्हणजे पाऊण तास. "दहा मिनिटं थांबू" हे बोलण्यापुरतं. म्हणून जाताना एकच मोठा थांबा, कोल्हापूर सोडल्यावर, मलकापूरच्या अलीकडं. ज्या हॉटेलात निदान चार संडास आहेत ते ड्रायव्हरला माहीत असतं, त्याला विचारा. उजव्या रांगेनं आधी चहा घ्यायचा आणि डाव्या रांगेनं आधी आत जायचं, मग अदलाबदल. साबण आणि जुने पेपर आपले आपण न्यावेत.

ज्यांना बस लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी याच थांब्यावर घ्यायची, घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. त्यांना पुढच्या चाकांच्या आसपास बसवा, मागची लांब सीट तरण्यांना. उन्हावरून भांडण लागलं तर सांगा: जाताना आपण पश्चिमेला जातो तेव्हा ऊन डावीकडं, येताना उजवीकडं. एकाच सीटवर बसून राहिली तर प्रत्येकीला अर्धा दिवस सावली मिळतेच. आणि बसमध्ये भडंग द्यायचं तर कोरडं. कांदा चिरून, तेल घालून कालवलेलं भडंग घाटात काढलं की पहिल्या पाच सीटवरच्या बायका माझ्या नावानं बोटं मोडतात. धंदा माझा असला तरी हे मीच सांगते.

थिबा राजवाड्यात नुसतं फिरवून आणू नका, बसमध्येच दोन मिनिटं गोष्ट सांगा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला बायकामुलांसकट इकडं आणून रत्नागिरीत ठेवलं. हा वाडा पुरा होऊन तो राहायला आला १९१० च्या सुमाराला, आणि १९१६ मध्ये इथंच वारला. परत मायदेश काही दिसला नाही. एवढं कानावर घालून आत गेलं की खिडक्यांच्या रंगीत काचा आणि मागच्या बाजूची बुद्धमूर्ती बायका थांबून बघतात. नाहीतर मोकळ्या खोल्या बघून दहा मिनिटांत बाहेर येतात आणि "यात काय होतं?" म्हणतात. सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार टाळा. लोकमान्य टिळकांचं जन्मघर टिळक आळीत आहे, पण दोन्ही करायला गेलात तर समुद्राचा एक तास जातो. एकच निवडा.

जेवण गणपतीपुळ्याला घरगुती खानावळीत, आदल्या दिवशी माणसं मोजून सांगायचं. मोदक हवे असतील तर तेही तेव्हाच. ऐन वेळी तीस जणींना उकडीचे मोदक कुणी देणार नाही. मासे खाणाऱ्यांची समजूत घालावी लागते.

पहिल्यांदाच बस काढत असाल तर समुद्रापासून सुरुवात करू नका. औंध करा. सांगलीहून विट्यावरून शंभर किलोमीटरच्या घरात. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. सूर्यनमस्कार घरोघर नेणारे ते हेच राजे, आणि स्वतः चित्रकार. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथं आहेत, ज्यांच्या छापील तसबिरी आपल्या आज्यांच्या देवघरात होत्या. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पही आहे. ते छोटं आहे, पटकन नजरेतून सुटतं, म्हणून मी "जिला आधी सापडेल तिला चहा" असं लावते. सगळ्या जणी दालन न् दालन धुंडाळतात. दोन्हीकडचे मिळून दोनशेच किलोमीटर होतात आणि पैसे तीनशेचे द्यावे लागतात, तेव्हा कुणीतरी उरलेले शंभर वसूल करायला आणखी एक देऊळ सुचवेल. ऐकू नका, सातला घरी या.

थोडं लांबचं हवं तर वाई. सातारा ओलांडल्यावर लिंबची बारा मोटांची विहीर, मग वाईचा ढोल्या गणपती, आणि तीन किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. विहीर अष्टकोनी आहे, पायऱ्यांनी खाली उतरता येतं आणि आत चक्क एक छोटा महाल आहे. गुडघेवाल्यांना वरून कठड्याशी उभं राहूनही पुष्कळ दिसतं, त्यांना खाली ओढू नका. मेणवलीच्या घाटावर चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली मोठी पोर्तुगीज घंटा आहे. घाटाच्या पायऱ्यांवर डबे उघडायला जागा चांगली, फक्त खरकटं कृष्णेत नको, ती पुढं आपल्याच गावाला येते.

बागा बघायच्या म्हणणाऱ्यांना पन्हाळ्याचं तबक उद्यान पुरतं, मोरोपंतांचं जन्मगावही तेच. कासला बाग म्हणून जाल तर फसाल. ते पठार आहे, उघडं, वारं आणि पाऊस. फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात, तीही पाऊस कसा झाला त्यावर. ऑनलाइन बुकिंग आधी करावं लागतं, दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरलेलं असतं, आणि शनिवार-रविवार सोडून मधला वार घ्यावा. साडी नेसून येणारीला जमीन ओली, निसरडी असते हे आधी सांगा. तेरडा, सीतेची आसवं, गेंद एवढी तीन फुलं ओळखायला शिकवून ठेवली तरी बस पठारापाशी पोचायच्या आत बायका काचेला नाक लावून बसतात.

वर्गणी आठ दिवस आधी पूर्ण घ्यायची. अर्धी घेतली की आदल्या रात्री तिघींच्या घरी पाहुणे येतात. पैसे भरले की पाहुणे येत नाहीत. माणसं मोजायला डोकी मोजू नका, कुणीतरी खाली वाकलेली असते. प्रत्येकीला नंबर द्या आणि तिनं तो मोठ्यानं म्हणायचा, एकपासून शेवटपर्यंत, प्रत्येक थांब्यावर.

पुळ्याहून निघताना बसच्या दारात पाण्याचा एक कॅन आणि जुना टॉवेल ठेवा. पाय धुऊन, पुसून मगच वर. ओले कपडे आपापल्या पिशवीत, सीटवर नाही. क्लीनरच्या हातावर शंभर-दोनशे टेकवा. हिशेब दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ग्रुपवर टाका, टोलच्या पावत्यांच्या फोटोसकट, आणि माणशी पंचवीस रुपये उरले असतील तर पंचवीस परत करा. "पुढच्या सहलीला धरू" म्हणायचं नाही, पुढच्या सहलीला वेगळ्या बायका असतात.