कुत्र्याला ॲक्युपंक्चर करताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे निदान न करताच सुया टोचायला नेणं. कुत्रा मागचे पाय ओढायला लागला की घरचे म्हणतात ऑपरेशन नको, आधी ॲक्युपंक्चर करून बघू. डॅशहुंड, बीगल अशा जातींत मणक्यातली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब येणं कॉमन आहे, आणि सौम्य केसमध्ये पिंजऱ्यात सक्तीचा आराम, औषधं आणि जोडीला सुया असं केलं तर फायदा होऊ शकतो, पण मागच्या पायाचं बोट जोरात चिमटलं तरी तो ओरडत नाही की वळून बघत नाही तर ती इमर्जन्सी आहे, त्याच दिवशी सर्जनकडे पळा. नुसता पाय आखडला म्हणजे जाणीव आहे असं समजू नका प्लीज, तो फक्त रिफ्लेक्स, म्हणजे आपोआप होणारी हालचाल असते.

दुसरं, आपल्याकडे गोचीड ताप भरपूर, त्यात प्लेटलेट्स पडतात आणि सुई टोचल्यावर रक्त लवकर थांबत नाही, म्हणून आधी सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करून घ्या. फिट्स येत असतील, गाठ असेल किंवा कुत्री गाभण असेल तर तेही आधीच सांगा, करंटच्या सुया (सुयांना हलका विजेचा प्रवाह जोडतात त्या) लावायच्या असतील तर नक्कीच.

माणसांना सुया लावणाऱ्याकडे नेऊ नका. छोट्या कुत्र्याच्या छातीवर सुई जरा खोल गेली तर थेट फुफ्फुसाला लागते. याचं ट्रेनिंग घेतलेला व्हेटच हवा, सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या.

कुत्रा टेबलावर थरथरतोय तर दाबून धरू नका, खाली मॅटवर बसवा, तुम्ही शेजारी बसा. कमरेचे मणके संपतात तिथल्या खळगीत बाई हुई नावाचा पॉइंट आहे, बरेच व्हेट तिथून सुरुवात करतात, पुष्कळ कुत्रे तिथे सुई लागली की सैल पडतात. सुया साधारण १० ते ३० मिनिटं ठेवतात. काढताना मोजायच्याच, एखादी कमी भरली आणि त्याने गिळल्याची शंका आली तर लगेच एक्स-रे.

त्या दिवशी तो जास्त झोपला तर घाबरू नका. एका सेशनवरून निकालही लावू नका, दर वेळी चालण्याचा व्हिडिओ काढा आणि तीन-चार सेशननंतर तुलना करा, काहीच फरक नसेल तर पैसे घालवत बसू नका, परत तपासणी करा. आणि बरं वाटतंय म्हणून स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, डोस व्हेटच हळूहळू कमी करेल.