तफ्तची लोकसंख्या नेमकी किती? इराणी गावांवर लिहिताना या चुका टाळा

मुंबई-पुण्यातल्या इराणी हॉटेलांवर लेख लिहायला घेतला की दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात इराणमधलं यज्द येतंच. त्यांतले बरेच मालक यज्द आणि कर्मानकडून आलेले झरथुष्ट्री. मग उत्साहाच्या भरात यज्दजवळच्या एखाद्या गावाची ‘थोडक्यात माहिती’ जोडली जाते आणि घोळ सुरू होतो. शिरकूह डोंगराच्या पायथ्याचं, डाळिंबांचं तफ्त घ्या. २०१६ साठी कुठे अठरा हजारांच्या आसपासचा आकडा दिसतो, कुठे चाळीस हजारांच्या वरचा. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच तफ्तचे नाहीत.

पहिला आकडा तफ्त शहराचा, दुसरा तफ्त शहरेस्तानचा. ‘शहरेस्तान’ वाचून आपण त्याला मोठं शहर समजतो, प्रत्यक्षात तो आपल्या जिल्ह्यासारखा भाग. सगळ्यात वर ओस्तान म्हणजे प्रांत, त्याखाली शहरेस्तान, मग बख्श (साधारण तालुका म्हणा) आणि शेवटी देहेस्तान, म्हणजे खेड्यांचा गट. ‘देह’ म्हणजे गाव. जुन्या कागदांतला ‘देहझाडा’ (गावांची यादी) ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगायला नको. आकडा कशाचा हे कळत नसेल तर शेजारी अधिकारी कोणता आहे ते बघा. फर्मानदार असेल तर शहरेस्तान, बख्शदार असेल तर बख्श, शहरदार असेल तर नगरपालिका असलेलं शहर.

आणि हे ‘शहर’ आपल्या कल्पनेतलं नव्हे. शब्द आपण फारसीतूनच घेतला, पण आपल्याकडे येताना तो फुगला. तिकडे शहर हा सरकारने दिलेला दर्जा आहे. गिलान प्रांतातलं मासूले पर्यटकांमुळे बऱ्याच जणांना माहीत असतं. २००६ च्या जनगणनेत तिथे ५५४ माणसं होती आणि तरी ते कागदोपत्री शहर. आपण त्याला वाडी म्हटलं असतं. तेव्हा लोकसंख्या कमी दिसली म्हणून ‘खेडं’ लिहू नका, आणि ‘शहर’ वाचून गजबजलेल्या बाजारपेठेचं वर्णनही करू नका.

मूळ फारसी तक्ता वाचणाऱ्यांची फजिती वेगळी. रकाने उजवीकडून डावीकडे जातात, आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे. पाच हा उलट्या बदामासारखा, म्हणून आपल्या डोळ्यांना शून्य वाटतो, आणि खरं शून्य म्हणजे नुसता ठिपका. माणसांच्या शेजारीच कुटुंबांचाही रकाना असतो (‘खानेवार’ म्हणजे कुटुंब). लोकसंख्या एकदम तिपटीने घटलेली दिसली तर आधी तो रकाना तपासा.

सालांचं सोपं आहे. इराणी सौर वर्ष नवरोजला (साधारण २०-२१ मार्च) सुरू होतं, त्यात ६२१ मिळवा. जानेवारी ते नवरोज या काळातली घटना असेल तर ६२२. १३८५, १३९० आणि १३९५ च्या जनगणना म्हणजे आपल्या २००६, २०११ आणि २०१६ च्या. त्यानंतरचे जे आकडे फिरतात ते बहुतेक अंदाज असतात, ‘जनगणनेनुसार’ म्हणून छापू नयेत.

सगळ्यात फसवी चूक मात्र प्रांताची. सीमा बदलतात आणि जुना लेख तसाच राहतो. तबस हा प्रचंड पसरलेला वाळवंटी भाग २००१ मध्ये खोरासानातून यज्दमध्ये आला आणि २०१३ मध्ये दक्षिण खोरासानात गेला. त्यामुळे २०११ चा यज्द प्रांत तबससकट मोजलेला आणि २०१६ चा तबसविना. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘वाढ मंदावली’ असं लिहिणारा माणूस खरं तर नकाशातली रेघ मोजत असतो. मी स्वतः असा एक परिच्छेद लिहून झाल्यावर खोडलाय.

नावांचंही तेच. तफ्त शहरेस्तानात नीर नावाचं एक शहर आहे आणि दूर वायव्येला अर्दबील प्रांतातही नीर आहे. तिथे अझेरी तुर्की बोलतात. शोधयंत्राला हा फरक कळतोच असं नाही, म्हणून नावासोबत प्रांत लिहायचाच.

भाषेच्या रकान्यात तफ्तपुढे ‘फारसी’ लिहिणं योग्यच. पण तिथल्या झरथुष्ट्री घरांतली बोली वेगळी, तिला दरी म्हणतात. अफगाणिस्तानातल्या दरीशी तिची गल्लत करू नका. ती दरी म्हणजे फारसीचंच रूप, आणि ही यज्दची दरी सरळ फारसी बोलणाऱ्या शेजाऱ्यालाही समजत नाही.