बालवाडीतील मुलांची काळजी कशी घ्यावी
तीन ते सहा वर्षांच्या मुलांची बालवाडी चालवताना दिवसाची सुरुवात दारातच करावी. मूल आत येताना त्याचा चेहरा, डोळे आणि तळहात नीट पाहावेत. ताप, पुरळ किंवा जुलाब असल्यास पालकांशी तिथेच बोलून त्याला घरी विश्रांती घेऊ द्यावी, कारण या वयात खेळणी एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातात.

खाऊपूर्वी आणि शौचानंतर साबणाने निदान 20 सेकंद हात धुवायला लावावेत. बोटांच्या बेचक्या आणि अंगठे हमखास राहून जातात, म्हणून बाईंनी मुलांसोबत स्वतःही हात धुवावेत. अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा द्राक्षे घशात अडकून मुलाचा श्वास कोंडू शकतो; तेव्हा शेंगदाण्यांचे कूट करून लाडू द्यावा, द्राक्षांच्या उभ्या चार फोडी कराव्यात आणि मुलांना बसवूनच खाऊ घालावे. याबाबतीत मी कोणालाही सूट देत नाही.

पाण्याची बादली कधीही उघडी ठेवू नये. मुलाला घरी नेणाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत.

शिकवण्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामात पाने, बिया, शिंपले अशा परिसरातल्याच वस्तू वापरल्या जात. आपणही मोठ्या मुलांना चिंचोके मोजायला द्यावेत, मात्र समोर बसून; दहा दिले आणि नऊच परत आले, तर दहावा सापडेपर्यंत पुढचा खेळ सुरू करू नये.